मुक्कामनिर्णय : श्रीगोंदा तालुक्याच्या विशेष संदर्भासह

कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला आणि एकादशी कुठल्या दिवशी धरायची, ग्रहणात जेवायचं की नाही, सुतक किती दिवस पाळायचं, असे प्रश्न कायमचे मार्गी लावले. उरलेसुरले १७९० मध्ये काशीनाथशास्त्री उपाध्यांनी ‘धर्मसिंधु’त निकालात काढले. तरीसुद्धा लक्झेंबर्गला गेल्यावर स्टेशनाजवळ उतरावं की जुन्या गावात, याबद्दल या दोन्ही सिंधूंमध्ये थेंबभर मजकूर सापडत नाही. ही उणीव गेली काही शतकं कुणाला जाणवली नाही, कारण श्रीगोंद्याहून लक्झेंबर्गला कुणी जात नव्हतं. आता जातात. तेव्हा हे छोटेखानी प्रकरण.

रीतीप्रमाणे आधी विषय, अधिकारी, प्रयोजन आणि संबंध. विषय: युरोपातल्या लहानशा देशात मुक्काम कुठं टाकावा. अधिकारी, म्हणजे हे वाचायला पात्र कोण: ज्याच्या हातात व्हिसा आला आहे पण राहायचं ठिकाण ठरलेलं नाही असा गृहस्थ. व्हिसाच्या अर्जालाच राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळं असा अधिकारी मिळणं तर्काला धरून नाही. पण व्यवहारात तो घरोघरी आहे. त्यानं रद्द करता येणारी चार-पाच बुकिंगं करून ठेवलेली असतात आणि निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत घरात खल चालू असतो. प्रयोजन: प्रवासात नवरा-बायकोचं भांडण होऊ नये. हे प्रयोजन आजवर सिद्धीस गेल्याचं ऐकिवात नसल्यानं त्याची चर्चा इथंच संपली.

राहिला संबंध. लक्झेंबर्गाचा श्रीगोंद्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यानं आधी क्षेत्रफळं पाहावीत. श्रीगोंदा तालुका सुमारे १६०० चौरस किलोमीटरचा. लिश्टेनस्टाइन हा सार्वभौम देश १६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे एका तालुक्यात दहा बसतात. माल्टा ३१६, पाच बसतात. सॅन मारिनो ६१. सव्वीस बसवून वर ऊस लावायला थोडी जागा उरते. अँडोरा ४६८, तीन बसवले तरी शिल्लक जागेत एक लिश्टेनस्टाइन राहतो. लक्झेंबर्ग तेवढा २५८६ चौरस किलोमीटरचा, त्यासाठी शेजारच्या कर्जत तालुक्याचा लचका तोडावा लागेल. पण सबंध नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, १७,०४८ चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यात साडेसहा लक्झेंबर्ग आरामात पाय पसरतात. उंचीचीही तीच गत. लक्झेंबर्गाचा सर्वोच्च माथा क्नाइफ, ५६० मीटर. नगर शहर साधारण ६५० मीटरवर आहे. म्हणजे नगरच्या एसटी स्टँडवर बॅग घेऊन उभा राहिलेला प्रवासी त्या देशाच्या शिखराहून वर उभा असतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. अकोल्यातल्या कळसूबाईचे १६४६ मीटर तर आपण काढतच नाही. पाहुण्यांना किती लाजवायचं.

मुद्दा एवढाच की आपला माणूस अशा देशात जातो तेव्हा तो एका तालुक्यात चाललेला असतो. विमानाचं भाडं पाहून त्याला देश मोठा वाटतो. तालुक्यात मुक्काम कुठं करावा, हे ज्ञान तर त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते पुढं मांडू.

जुन्या आचार्यांमध्ये पहिला मान महानुभावांचा. चौदाव्या शतकातल्या मुनिव्यासांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी कुठं कुठं राहिले त्याची नोंद आहे: देऊळ कुठल्या दिशेला, दार कुणीकडं, गावापासून किती अंतरावर. जिथं पुष्कळ दिवस राहणं झालं ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, नुसतं बसणं झालं ते आसन. लघुशंकेची जागासुद्धा परिश्रय म्हणून नोंदवलेली आहे. भक्तांनी हे श्रद्धेनं लिहिलं. पण प्रवासाला निघालेल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा, बाकीच्या तीन नोंदी नसल्या तरी चालतील, ही चौथी आधी सांगा, असंच ते म्हणेल. आजकालच्या प्रवासमार्गदर्शकांत नेमकी तीच गाळलेली असते.

आता श्रीगोंदा तालुक्यातले मुक्काम. इतिहासात इथं राहायची जागा स्वतः निवडल्याचं ठळक उदाहरण एका मोगल सरदाराचं आहे. औरंगजेबाचा सुभेदार बहादूरखान कोकलताश यानं भीमेच्या काठी पेडगावला तळ दिला, किल्ला बांधला आणि त्याला आपलंच नाव दिलं, बहादूरगड. जागा निवडताना त्यानं सगळं रीतसर पाहिलं होतं. पाणी बारमाही, जमीन सपाट, नगरशी दळणवळण सोपं. आजचा प्रवासी हॉटेल निवडताना जे पाहतो तेच. पुढं १६७४ च्या पावसाळ्यात, राज्याभिषेकाला जेमतेम महिना लोटला असताना, मराठ्यांची दोन हजारांची एक तुकडी समोरून आली. खान तिच्या पाठलागावर पन्नासेक मैल गेला. तेवढ्यात दुसऱ्या वाटेनं सात हजार स्वारांनी मोकळा तळ गाठला आणि एक कोटीची लूट व दोनशे घोडे घेऊन ते निघून गेले. वेड पांघरून पेडगावला जायची म्हण इथूनच निघाली, असं गावात सांगतात. म्हणींचे जन्मदाखले नसतात, पण या म्हणीला याहून चांगला पत्ता मिळणार नाही. मुक्कामशास्त्राच्या दृष्टीनं निष्कर्ष असा की जागा उत्तम असून भागत नाही. आपण तिथं उतरलो आहोत हे किती जणांना ठाऊक आहे, हे महत्त्वाचं. या निष्कर्षाचं काम पुढं पडेल. (याच गडावर १६८९ मध्ये छत्रपती संभाजीराजांना कैद करून आणलं. गडाला आता धर्मवीरगड म्हणतात. त्या प्रसंगापाशी हे प्रकरण थांबतं आणि आदबीनं बाजूनं पुढं जातं.)

बाकी सगळ्यांना जागा दुसऱ्यांनी निवडून दिल्या. ‘योगसंग्राम’कार शेख महंमद श्रीगोंद्याचे झाले ते मालोजीराजांनी त्यांना इथं आणून मठ बांधून दिला म्हणून, अशी परंपरा आहे. विसापूरला तलाव आहे, रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे मुक्कामाला लागतं ते सगळं आहे. पण १९३० नंतरच्या कायदेभंगात तिथं जे सत्याग्रही राहिले ते तुरुंगात राहिले; जागेची निवड सरकारनं केली आणि निघायची वेळही सरकारनंच ठरवली. काष्टीला शनिवारचा जनावरांचा बाजार. आदल्या रात्री बैल घेऊन येणाऱ्याला कुठं झोपायचं हा प्रश्न पडत नाही. बैल जिथं बांधला तिथं. वारीचंही तसंच. ज्ञानोबांची पालखी सासवडला थांबणार, जेजुरीला, वाल्ह्याला, लोणंदला. यंदा जेजुरीऐवजी जवळपास दुसरं काही बघू का, असं कुणी विचारत नाही.

इथवरचा पुरावा पाहता पूर्वपक्ष कोसळतो. प्रवासाचे सल्लागार म्हणतात, मुक्कामाची जागा प्रेक्षणीय स्थळं, वाहतूक, दर आणि सुरक्षितता पाहून ठरवावी. बहादूरखान सोडला तर श्रीगोंदा तालुक्यात या चारांपैकी एकाही गोष्टीवरून कुणी आजवर मुक्काम ठरवलेला नाही. इथं मुक्काम ठरतो रुसव्यावरून. हाच आमचा सिद्धांत. बेलवंडीला आत्या, काष्टीला मावशी, मांडवगणला चुलतभाऊ आणि श्रीगोंद्यात बायकोची मैत्रीण असेल तर नकाशा काढायची गरज नाही. जिचा रुसवा सर्वांत जास्त वर्षं टिकतो तिच्या घरी मुक्काम. आत्याचा साधारण मावशीपेक्षा जास्त टिकतो, कारण मावशी रडून मोकळी होते आणि आत्या काहीच बोलत नाही. चुलतभाऊ रुसत नाही, तो फक्त पुढच्या लग्नात सगळ्यांदेखत म्हणतो, “आमच्या घरात काय काटे होते का?” मुलीच्या सासरी बापानं मुक्काम करू नये असा जुना संकेत आहे, तो संकेत बापाच्या सोयीसाठी असावा, कारण त्यामुळं रुसव्याच्या यादीतलं एक घर आपोआप कमी होतं.

या नियमाला अपवाद आहेत. लग्नाचा जानवसा, कोर्टाची तारीख, दवाखान्यातला माणूस आणि चुकलेली शेवटची गाडी. शेवटची गाडी हा अपवाद सर्वांत प्राचीन आणि सर्वांत जास्त वापरला गेलेला. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि तिनं आपल्याला श्रीगोंदा रोड नावाचं स्टेशन दिलं. नावातला रोड हा इंग्रजांचा प्रामाणिकपणा: स्टेशन इथं आहे, गाव रस्त्यानं पुढं आहे. युरोपानं हे तत्त्व शंभर वर्षांनी उचललं, आणि तेही रोड हा शब्द गाळून. फ्रँकफर्टच्या नावानं चालणारा हान विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. श्रीगोंदा रोडला उतरणारा माणूस कधी असा फसला नाही.

आता हा माणूस युरोपात जातो तेव्हा काय होतं? रुसायला कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मोकळा होतो आणि मोकळं होताच त्याला काही सुचेनासं होतं. आमच्या दाजींच्या घरातली बैठक या दृष्टीनं अभ्यासण्यासारखी होती. टेबलावर लॅपटॉप, लक्झेंबर्ग शहराचा नकाशा उघडलेला.

“जुनं गाव बघा,” ताई म्हणाली. “पाहायचं सगळं तिथंच आहे.”

“जुनं गाव म्हणजे गल्ल्या. बॅगा ओढत कोण जाणार?”

“मग स्टेशनाजवळ.”

“स्टेशनाजवळ कोण राहतं? दौंडला राहिलो असतो का आपण स्टेशनाजवळ?”

आतून दाजींच्या आईंनी एकच प्रश्न विचारला. “तिथं चूल पेटते का?” त्या एका प्रश्नानं निम्मी हॉटेलं बाद झाली. किंमत, गुणांकन, न्याहारी, खिडकीतून दिसणारा किल्ला, सगळं मागं पडलं आणि छोट्या स्वयंपाकघराची खोली शोधायला सुरुवात झाली. भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी कुठंही खाता येते, पण भाताला आच लागते.

शहराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दाजींनी पुढं सगळ्यांना ते फार सविस्तर सांगितलं. बोक नावाच्या कड्यावर जुना किल्ला, त्याच्या पोटात कोरलेली भुयारं, आणि वरच्या जुन्या वस्तीला १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा. खाली दरीत ग्रुंड, नदीकाठची वस्ती. वर आणि खाली अशी दोन शहरं असल्यामुळं मध्ये लिफ्ट बसवलेल्या आहेत. फाफेनथालची काचेची लिफ्ट सत्तर मीटरच्या आसपास चढते आणि पैसे घेत नाही. पलीकडच्या पठारावर किर्शबेर्ग, तिथं युरोपीय संघाची कार्यालयं आणि बँका. इथं एक उलटा न्याय आहे. महाबळेश्वरला शनिवार-रविवार खोली महाग, कारण लोक मजा करायला येतात. लक्झेंबर्गला सोमवार ते गुरुवार महाग, कारण लोक बैठकांना येतात. शुक्रवारी साहेब लोक घरी गेले की किर्शबेर्ग ओस पडतो आणि दर उतरतात. दाजींनी लगेच दौरा शनिवार-रविवारवर सरकवला. शेतीमालाच्या भावाचा इतक्या वर्षांचा अभ्यास असा कुठंही उपयोगी पडतो.

इतर छोट्या देशांची दाजींनी परीक्षा घेतली, ती थोडक्यात. मोनॅकोला पाहायचं आणि राहायचं नीसला. सॅन मारिनोची रिमिनीहून येणारी रेल्वे १९४४ मध्येच बंद पडली, आता बसनं जायचं आणि संध्याकाळी परत रिमिनीला. अँडोराला विमानतळ नाही, रेल्वे नाही. लिश्टेनस्टाइनलाही विमानतळ नाही, शेजारच्या स्वित्झर्लंडमधून बस. व्हॅटिकन पाहून लोक रोममध्ये झोपतात. यातून मुक्कामशास्त्राचा दुसरा सिद्धांत निघतो: लहान देशाचा मुक्काम शेजारच्या देशात पडतो. श्रीगोंद्याला तो नवा नाही. तालुक्यात कामाला आलेला माणूस भीमा ओलांडून दौंडला राहतो, आणि दौंड पुणे जिल्ह्यात आहे. यात कायदेशीर सोय अशी की आत्यानं विचारलं तर “जिल्ह्यात आलोच नव्हतो” हे उत्तर संध्याकाळनंतरच्या वेळेपुरतं खरं असतं.

माल्टा तेवढा वेगळा निघाला. बेट असल्यामुळं शेजारी कुणी नाही. तिथं स्लीमा, सेंट ज्युलियन्स, व्हॅलेटा असे वाद आहेत, आणि ज्याला ते सगळं नको त्याला गोझो बेट. गोझोला नेणाऱ्या बोटीचं तिकीट जाताना कुणी मागत नाही, परतताना घेतात. नातेवाइकांच्या घराचं वर्णन याहून नेमकं कुठल्या शास्त्रात आढळत नाही: जाणं फुकट असतं, निघणं महागात पडतं. दाजींना माल्टा फार आवडला होता, पण ताईला बोट लागते.

अखेर लक्झेंबर्ग. स्वयंपाकघराची खोली, वरचं गाव, शनिवार-रविवार, रद्द करता येणारी. सगळं ठरलं आणि इथं बहादूरखानाची चूक दाजींनी केली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी हॉटेलचं नाव आणि फोटो टाकला.

पाच मिनिटांत बेलवंडीहून उत्तर आलं. मेव्हण्याच्या साडूचा भाचा लक्झेंबर्गलाच आहे. एश्श-सुर-अल्झेत म्हणून गाव आहे, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. “त्याच्याकडं उतरायचं सोडून हॉटेल कशाला?” खाली आणखी दोघांनी अंगठा दाखवला.

आपला सिद्धांत इतक्या लवकर सिद्ध होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. रुसव्याला व्हिसा लागत नाही. पण खरी अडचण पुढं होती. भाच्याकडं उतरायचं नसेल तर निदान भेटायला जाणं भाग. आणि जायचं नसेल तर कारण हवं. तालुक्यात कारणं तयार असतात: गाडी नाही, शेवटची गाडी गेली, जायला-यायला दिवस मोडतो, रिक्षावाला दोनशे मागतो. लक्झेंबर्गनं २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वे सगळ्यांना फुकट केल्या. पाहुण्यालाही फुकट, पैसे फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला. देशाची लांबी ८२ किलोमीटर, म्हणजे लांब आहे हेही म्हणायची सोय नाही. हे धोरण पर्यावरणासाठी आणि रस्त्यावरची गर्दी कमी करण्यासाठी केलं असं म्हणतात. नातेवाईक टाळू पाहणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुठंच केलेला दिसत नाही. युरोपात याहून गैरसोयीचा देश नसेल.

“व्हिसाचं काहीतरी सांगू,” ताई म्हणाली.

व्हिसाही चालण्यासारखा नव्हता. सीमांवरची तपासणी उठवणारा करार ज्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर, १४ जून १९८५ रोजी झाला ते गावच लक्झेंबर्गात आहे. तिथं राहून व्हिसाचं कारण द्यायचं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा लांब आहे म्हणायचं.

तेव्हा दुसरा सिद्धांत उपयोगी पडला. दाजींनी नकाशा सीमेपलीकडं सरकवला. फ्रान्समध्ये थियोनव्हिल, बेल्जियममध्ये आर्लों, जर्मनीत ट्रियर. लक्झेंबर्गात कामाला जाणारे दोन लाखांहून जास्त लोक रोज या शेजारच्या देशांतून ये-जा करतात, कारण तिथं घरभाडं कमी आहे. ट्रियर बरं वाटलं. रोमन काळातला काळा दरवाजा पोर्टा निग्रा, १८१८ मध्ये कार्ल मार्क्स जन्मला ते घर, आणि चुलीची खोली लक्झेंबर्गापेक्षा बरीच स्वस्त. सर्वांत मोठा फायदा म्हणजे फुकट प्रवास सीमेपर्यंतच. पुढच्या टप्प्याचं तिकीट लागतं. अशा रीतीनं खर्चाचं कारण पुन्हा उपलब्ध झालं. दौंडचा न्याय जर्मनीतही लागू होतो हे सिद्ध झाल्यावर दाजींनी जुनं बुकिंग रद्द केलं, नवं केलं आणि या वेळी फोटो टाकला नाही. गटावर फक्त एवढंच लिहिलं की मुक्काम आता जर्मनीत आहे, त्यामुळं भेट होईलसं दिसत नाही, फार वाईट वाटतं.

त्या रात्री एश्शहून फोन आला. भाच्याची आणि दाजींची ही पहिलीच बोलाचाल.

“मामा, काही काळजी करू नका,” तो म्हणाला. “वासरबिलिगपर्यंत फुकटच आहे, पुढं थोडंसं तिकीट. रविवारी आम्ही सगळेच ट्रियरला येतो, भाकरी घेऊन. तुम्ही फक्त श्रीगोंद्याच्या लिंबाचं लोणचं आणा, मोठी बरणी आणा, आमच्याबरोबर इथले आणखी दोघं-तिघं आहेत, आपल्या पारनेरकडचे.”